काळ्या कुत्रीला घर कोण देणार?

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी भिंतीवर ते छायाचित्र असेल. १९३४ च्या फेब्रुवारीत दादरच्या राजगृहात काढलेले. पूज्य बाबासाहेब, माता रमाई, चिरंजीव यशवंतराव, थोरल्या बंधूंच्या पत्नी लक्ष्मीबाई आणि पुतणे मुकुंदराव. आमच्या घरीही ते आहे. जयंतीला आणि परिनिर्वाणदिनी त्याला हार पडतो. एके दिवशी आमची पहिलीत जाणारी नात स्टुलावर चढली, फोटोवर बोट ठेवले आणि तिने विचारले, "आणि हे कुत्रं कुणाचं?"

खरे सांगायचे तर इतकी वर्षे हार घालूनही आम्ही त्या कुत्र्याकडे नीट पाहिले नव्हते. त्याचे नाव टॉबी. बाबासाहेबांचा लाडका कुत्रा. हे छायाचित्र काढल्यावर सव्वा वर्षाने, २७ मे १९३५ रोजी, रमाई गेल्या. रमाई आणि बाबासाहेब एकत्र आहेत अशी चित्रे मोजकीच. त्यातल्या एकात हा मुका प्राणीही घरच्या माणसांबरोबर आहे.

नातीने मग हट्टच धरला. "आपल्याकडे पण टॉबी पाहिजे." त्या हट्टापायी आम्ही शहराबाहेरच्या एका कुत्र्यांच्या निवाऱ्यात जाऊन पोहोचलो. तिथे जे पाहिले आणि पुढे आमच्या घरात, गल्लीत जे घडले, ते कुटुंबाच्या या पानावर सांगावेसे वाटले.

हा विषय काढला की आपल्या माणसांत एक अवघडलेपण येते, ते लपवून चालणार नाही. आमचे एक शेजारी, निवृत्त शिक्षक, सरळच म्हणाले, "आपल्याला ओसरीवर बसवायचं नाही अन् कुत्र्याला मांडीवर घ्यायचं, असली माणसं आपण पाहिलीत. कुत्र्याचे लाड बंगल्यातल्यांनी करावेत. आपलं नव्हे ते काम." त्यांचे म्हणणे आम्ही मुकाट ऐकून घेतले, कारण त्यात इतिहास आहे. महाडच्या चवदार तळ्यावर गुरे-कुत्री पाणी पीत होती आणि माणसांना ओंजळभर पाण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला. 'कुत्र्यासारखे' हा शब्द आपल्या आजोबा-पणजोबांनी नुसता ऐकला नाही, तो त्यांच्या अंगावर पडला. तेव्हा कुत्र्याविषयी चांगले लिहिताना हात जरा अडखळतोच.

पण विटाळाचा तो हिशेब कुत्र्याने मांडलेला नव्हता. तो माणसाने मांडला. आणि वेशीबाहेरच्या वस्तीत रात्री दाराशी कोण बसत होते, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारून पाहा. जातिवंत कुत्री वाड्यावर असत. आपल्या दाराशी असे ते गावठी. भाकरीचा तुकडा खाऊन राखण करणारे. गुरुजींना आम्ही एवढेच म्हणालो. ते हसले, पण पटले असे काही म्हणाले नाहीत.

असो. निवाऱ्याकडे वळू.

पत्र्याची लांबट शेड, दोन्ही बाजूंना जाळीचे कप्पे, मधून सिमेंटची नाली. एका कोपऱ्यात चुलीवर मोठे पातेले, त्यात भात आणि कोंबडीचे पाय-माना शिजत होत्या. आवाज इतका की शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येईना. सांभाळणाऱ्या मावशी पूर्वी सफाई खात्यात रोजंदारीवर होत्या. कुत्र्यांविषयी त्यांना जेवढे कळते तेवढे पुस्तकवाल्यांना कळत असेल की नाही, शंका आहे. पहाटे रस्ता झाडणाऱ्या बाईला गल्लीतले प्रत्येक कुत्रे ओळखीचे असते, ते का, हे वेगळे सांगायला नको.

मावशी म्हणाल्या, "रविवारी गाडीवाले येतात. पहिला सवाल ठरलेला, पिल्लू हाय का? दुसरा, नर हाय ना? तिसरा, पांढरं नाही का, तांबडं नाही का? नवं पिल्लू आठ दिवसांत जातं बघा. ही मात्र हितंच." त्यांनी कोपऱ्यातल्या कप्प्याकडे हात केला. आत एक काळी कुत्री भिंतीला पाठ लावून बसली होती. तोंडावर पांढरे केस आलेले. वय सात-आठ वर्षे असावे. "हिच्या तीन दिवाळ्या हितं झाल्या."

मागे कोण राहते, ते आम्ही त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. म्हातारी राहतात. गाडीखाली सापडून एक पाय गमावलेली राहतात. एक डोळा गेलेली, कातडीच्या रोगातून नुकती उठलेली, माणूस दिसला की थरथर कापणारी राहतात. माद्या राहतात, आणि काळी राहतात. काळ्यांचे एक कारण अगदी साधे आहे. अंधाऱ्या शेडमध्ये काळ्या कुत्र्याचा चेहरा दिसत नाही. मोबाईलवर फोटो काढला तर डोळे-नाक काहीच उमटत नाही, नुसता काळा गोळा दिसतो. आणि हल्ली माणसे आधी फोटो पाहतात, मग येतात.

दुसरे कारण मात्र लाजिरवाणे आहे. काळे कुत्रे म्हणजे अपशकुन, ते रडले की घरात मयत होते, अमावास्येला ते दाराशी नको. ज्योतिषी सांगतो म्हणून शनिवारी तेल लावलेली पोळी काळ्या कुत्र्याला शोधून-शोधून घालणारे लोक आहेत, त्याला घरात घेणारा मात्र सापडत नाही. हे इतरांचेच चालते असे समजू नका. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरातली एक आजीबाई आमच्या दारात काळी पाहून म्हणाल्या, "काळी काहून आणली ग बाई?" कुत्रे रात्री रडते याचे कारण बहुधा एवढेच असते, की लांबचे दुसरे कुत्रे ओरडले आणि हे त्याला उत्तर देते. मयत कुत्र्याला आधी कळत असती, तर घाटी दवाखान्याच्या फाटकापाशी रात्री कुणाला डोळा लागला नसता.

आम्ही पिल्लू आणायला गेलो होतो, हे कबूल केले पाहिजे. मुलांच्या आईने मावशींना विचारले, "आमचं घर दोन खोल्यांचं. दोघं कामावर, एक पोरगी शाळेत. नळाला पाणी रोज येत नाही. आमच्याकडे कोणतं निभेल?" मावशींनी क्षणभरही विचार न करता सांगितले, "म्हातारं न्या."

त्यांच्या सांगण्यात किती तथ्य होते, ते पुढे कळले. पिल्लाला दिवसातून चार वेळा खायला लागते. ते घरभर मुतते, चपला फाडते, दात शिवशिवतात म्हणून पोरांचे हात धरते. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे जीवघेणे आजार पिल्लांनाच जास्त होतात, त्यांच्या लसी वेळेवर द्याव्या लागतात. शिवाय पिल्लू मोठेपणी कसे निघेल हे कुणीच सांगू शकत नाही. वय झालेल्या कुत्र्याचा स्वभाव मात्र समोर असतो. मुलांना चालते का, दुसऱ्या कुत्र्यांशी भांडते का, हे निवाऱ्यातल्या माणसांना ठाऊक असते. ते दिवसाचा बराच वेळ झोपते. दोन वेळा खाते, दोन वेळा बाहेर जाते. कामावर जाणाऱ्या घराला असेच कुत्रे पेलते. आणि गावठी जातीचे असले तर आपल्या उन्हाला ते सरावलेले असते. अंगावर केस आखूड. बर्फाळ मुलखातली केसाळ कुत्री विकत आणून मे महिन्यात पंख्याखाली धापा टाकत ठेवणारे लोक आम्ही पाहिले आहेत. त्या प्राण्याची दया येते.

गावठी म्हणून नाक मुरडणाऱ्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. पृथ्वीभोवती प्रदक्षिणा घालणारा पहिला सजीव प्राणी म्हणजे लायका, ही मॉस्कोच्या रस्त्यावरची बेवारस कुत्री होती. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी तिला स्पुटनिक-२ मध्ये बसवून पाठवले. परत आणण्याची सोयच केलेली नव्हती. ती आत काही तासांतच उष्णतेने मेली, हे जगाला २००२ साली कळले. रस्त्यावरची म्हणूनच तिला निवडले होते, कारण थंडी आणि उपासमार सोसलेला प्राणी जास्त तग धरील असा हिशेब होता. तो हिशेब वाचून आम्हांला दुसरेच काही आठवत राहिले.

तर काळी घरी आली. नातीला नाव टॉबीच हवे होते. पण ही मादी, आणि थोरांच्या घरातले नाव आपण लगेच उचलायचे का, यावर घरात चर्चा झाली. चर्चा संपेपर्यंत सगळे तिला काळी म्हणू लागले होते.

पहिले तीन दिवस ती लोखंडी पलंगाखालून बाहेर आली नाही. खाणे आम्ही झोपल्यावर खायची. केरसुणी हातात घेतली की जमिनीला चिकटायची. तिला कुणी, कधी, कशाने मारले असेल, ते केरसुणीच सांगत होती. चौथ्या रात्री तिने आमच्या नव्या चपलेचा अंगठा खाल्ला. म्हातारी कुत्री चपला खात नाहीत, या आमच्या समजुतीचे तिथेच बारा वाजले. एकदा दार उघडे राहिले आणि ती बाहेर पळाली. मुकुंदवाडी स्टेशनच्या रुळांपर्यंत तिच्या मागे धावताना आमचा दम गेला. निवाऱ्यातल्या मुलांनी आधीच बजावले होते, की नव्या कुत्र्याला पहिले तीन आठवडे पट्टा आणि साखळीशिवाय उंबऱ्याबाहेर काढू नका. तिला अजून हे आपले घर आहे हे माहीत नसते. आम्ही ऐकले नाही, आणि भोगले.

मग हळूहळू फरक पडला. कामावरून आलेल्या माणसाच्या पायापाशी येऊन ती बसू लागली. दीड-दोन महिन्यांनी तिने पहिल्यांदा शेपूट हलवली, तीही नातीसाठी, आमच्यासाठी नव्हे. खाणे म्हणाल तर ज्वारीची भाकरी कुस्करून वरणात, भात, आठवड्यातून दोन-तीनदा अंडे किंवा कोंबडीचे स्वस्त तुकडे हाडे काढून. शिजलेले हाड घालू नये, ते मोडून टोकदार होते आणि आतड्यात रुतते. कांदा, लसूण, द्राक्षे, चॉकलेट ही कुत्र्याला विषच. सणाच्या दिवशी मुले प्रेमाने चॉकलेट भरवतात, तिथे लक्ष ठेवावे. वर्षातून एकदा रेबीजची लस, ठरावीक अंतराने जंताचे औषध, उन्हाळ्यात गोचीड पाहणे. खडकेश्वरच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलात तर हे फार महाग पडत नाही. एका माणसाच्या महिन्याच्या चहा-तंबाखूत बसते असे आमच्या मुलाने हिशेब करून सांगितले, आणि सांगताना आमच्या खिशाकडे पाहिले. मे महिन्यात पारा बेचाळिसावर गेला की ओले केलेले पोते जमिनीवर अंथरून देतो. पाण्याची टंचाई असली तरी तेवढे पाणी निघते.

एक गोष्ट लिहू की नको असे वाटत होते, ती लिहितोच. १४ एप्रिलच्या रात्री काळी मोरीत जाऊन बसली आणि सकाळपर्यंत थरथरत होती. कुत्र्याचा कान आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. डीजेच्या भिंतीपुढे आपल्या छातीत धडधडते, तर तिचे काय होत असेल? जयंती आमचीही आहे आणि मिरवणुकीत आम्ही दरवर्षी चालतो. पण वस्तीत घाटीतून आणलेले आजारी माणूस आहे, आठ दिवसांचे बाळ आहे, हे तरुणांना सांगितले तर काही मंडळे आवाज कमी करतात, असा आमचा अनुभव आहे. कुत्र्याचे कारण सांगितले असते तर हसले असते. त्या रात्रीपुरता उपाय असा की आतली खोली, खिडकी बंद, पंखा चालू, आणि घरातले एक माणूस सोबत.

आता प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूला येतो. ज्यांना कुत्रे चावले आहे त्यांच्यापुढे वरच्या गोष्टी सांगणे म्हणजे जखमेवर मीठ. गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत नळावर गेलेल्या एका मुलाच्या पोटरीला कुत्र्याने धरले. त्याच्या आईने जखमेत मिरचीपूड भरली. त्याच आठवड्यात चिकलठाण्याच्या कारखान्यातून दुसऱ्या पाळीहून येणारा एक तरुण कुत्री मागे लागली म्हणून मोटारसायकलवरून पडला, कोपराचे हाड मोडले, आणि दीड महिना पगार बुडाला. बंगल्यातला माणूस गाडीच्या काचा लावून जातो. रात्री एक वाजता पायी किंवा दुचाकीवर येणारे कोण असतात? आपलीच मुले. तेव्हा मोकाट कुत्र्यांचा त्रास हा गरिबाचा त्रास आहे, हे प्राणिप्रेमी मंडळींनी आधी मान्य केले पाहिजे.

चाव्याविषयी दोन शब्द, कारण यात जीव जातो. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही असेच समजावे. आणि वेळेवर लस घेतली तर त्याने मरण्याचे कारण नाही. जखम झाली की तत्काळ नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवायची. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. मिरची, चुना, हळद, तेल, झाडपाला, मंत्र, काही नाही. त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठायचे. पोटात चौदा इंजेक्शने ही जुनी गोष्ट झाली, ती लस आपल्या देशात वीस वर्षांपूर्वीच बंद झाली. आता दंडात घेतात, पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि पुढे डॉक्टर सांगतील त्या दिवशी. जखम खोल असली, रक्त आले, तर जखमेभोवती सीरमही द्यावे लागते, ते डॉक्टरांकडून मागून घ्या. एक सुई घेतली आणि बरे वाटले म्हणून पुढच्या बुडवल्या, असे करू नका. कुत्र्याच्या पिल्लाने ओरखडले तरी दाखवावे. आमच्या गल्लीतल्या त्या मुलाला आम्हीच घाटीत नेले. तो आता बरा आहे, त्याची आई मात्र अजून आमच्याकडे रागाने पाहते. तिचा राग आम्हांला समजतो.

त्या आठवड्यात गल्लीत ठरले की मटणात विष कालवून ठेवायचे. सामान आणणारे दोघे तयारही होते. रविवारच्या वंदनेनंतर विहारात हा विषय निघाला, आणि आम्ही तिथे कुक्कुर जातकाची गोष्ट सांगितली. जातके ही लोककथाच, पण ही कथा आमच्या गल्लीसाठीच रचल्यासारखी आहे.

वाराणसीच्या राजाचा रथ रात्री अंगणात उघड्यावर राहिला. पावसाने त्याचे चामडी पट्टे भिजले आणि ते राजवाड्यातल्याच जातिवंत कुत्र्यांनी कुरतडून खाल्ले. सेवकांनी सांगितले की बाहेरची कुत्री मोरीतून आत शिरली. राजाने हुकूम सोडला, दिसेल ते कुत्रे मारा. मग उरलेली कुत्री स्मशानात आपल्या म्होरक्याकडे गेली. तो बोधिसत्त्व. तो एकटा दरबारात गेला आणि त्याने राजाला विचारले की सगळी कुत्री मारायची आहेत का? राजा म्हणाला, वाड्यावरची सोडून. मग हा न्याय कसा झाला, असे त्याने विचारले. त्याच्या सांगण्यावरून वाड्यावरच्या कुत्र्यांना ताक आणि दर्भ पाजला, तेव्हा त्यांच्या पोटातून चामड्याचे तुकडे बाहेर पडले. जातिवंतांचा गुन्हा आणि स्मशानातल्यांना शिक्षा! विहारात क्षणभर शांतता झाली. मग त्या सामान आणणाऱ्यांपैकी एकजण म्हणाला, "गोष्ट बरोबर हाय. पण उद्या परत चावलं तर?"

त्याचे उत्तर गोष्टीत नव्हते, ते अनुभवात आहे. इंग्रज सरकारने मुंबईत बक्षीस लावून कुत्री मारायला काढली तेव्हा १८३२ च्या जूनमध्ये पारशी लोकांनी दंगा केला, बाजार बंद पाडला. त्यानंतरही दीडशे वर्षांहून अधिक काळ मुंबईत वर्षाला हजारोंनी कुत्री मारली गेली, आणि कुत्री होती तेवढीच राहिली. कारण सोपे आहे. मादी वर्षातून दोनदा माजावर येते, दोन महिन्यांत विते, आणि एका खेपेला चार-सहा पिल्ले. जागा रिकामी झाली की शेजारच्या भागातली, लस नसलेली, अनोळखी कुत्री तिथे येतात, कारण खायला तिथे असतेच. २०१८ च्या फेब्रुवारीत नारेगाव-मांडकीच्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि आपल्या शहरात कित्येक महिने चौकाचौकांत कचऱ्याचे ढीग साचले, ते दिवस आठवा. त्या ढिगांवर कोण बसत होते? मटणाच्या दुकानामागचा उकिरडा तसाच ठेवायचा आणि कुत्र्याला विष घालायचे, हे भोक न बुजवता घरातले पाणी उपसण्यासारखे आहे. शिवाय विषाचे मटण शेजारच्या पोराच्या हाती लागले तर?

उलट बाजूला आपला शेजारी गोवा आहे. तिथे २०१३-१४ पासून मिशन रेबीज या संस्थेने राज्य सरकारबरोबर घरोघर, गल्लोगल्ली जाळी घेऊन कुत्री धरली, वर्षाला लाखाच्या आसपास कुत्र्यांना लस टोचली आणि शाळाशाळांत मुलांना चाव्याविषयी शिकवले. २०१७ नंतर सलग तीन वर्षे एकही माणूस रेबीजने दगावला नाही, आणि २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाला. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस टोचली की रोगाची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मारण्यापेक्षा हे काम चिवट आहे, पण परिणाम दिसतो.

आमच्या गल्लीने शेवटी अर्ज केला. २०२३ च्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे. अकरा कुत्री नेली आणि काही दिवसांनी एका कानाचे टोक कापून परत आणून सोडली. कानाचे टोक कापलेले दिसले की समजावे, नसबंदी आणि लस झालेली आहे. भुंकणे थांबले असे आम्ही म्हणणार नाही. दोन कुत्री अजून मोटारसायकलमागे धावतात. पण यंदा गल्लीत एकही वेत झाले नाही.

कोर्टाचे काय, असे विहारात अनेकांनी विचारले. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली सर्व मोकाट कुत्री निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने तो बदलला, की रेबीज झालेली आणि हिंस्र सोडून बाकीची नसबंदी-लसीनंतर जिथून धरली तिथेच सोडावीत. त्याच आदेशात एक कलम असे होते की प्राणिप्रेमींना महापालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचे कुत्रे दत्तक घेता येईल, मात्र ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घेणाऱ्याची. मग ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, दवाखाने, बसस्थानके, रेल्वेस्थानके, क्रीडासंकुले यांच्या आवारातली कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवावीत आणि परत तिथे सोडू नयेत, असा आदेश झाला. मुलांच्या शाळेच्या आवारात कुत्री नसावीत, हे आम्हांलाही मान्य आहे. पण निवाऱ्यात नेलेली कुत्री पुढे जातात कुठे? पिल्ले घरी जातात. बाकीची मावशींच्या शेडमध्ये दिवाळ्या मोजत बसतात. २०१९ च्या पशुगणनेत एकट्या महाराष्ट्रात पावणेतेरा लाखांच्या आसपास मोकाट कुत्री मोजली गेली. तेवढे पिंजरे कोण बांधणार, हा आकडा वाचून कुणीही स्वतःला विचारावे.

म्हणून घरात कुत्रे घेणे ज्यांना जमणार नाही त्यांनीही निवाऱ्यावर महिन्यातून एक रविवार द्यावा, असे आमचे मत झाले आहे. आमच्या वस्तीतली सहा-सात कॉलेजची मुले-मुली आता जातात. काम चकचकीत नाही. कप्पे धुणे, भांडी घासणे, जुन्या चादरी-पोती वाळत घालणे, गोचीड काढणे. यातली एक मुलगी दर रविवारी घाबरट कुत्र्याच्या कप्प्यात जाते आणि त्याच्याकडे पाठ करून अर्धा तास नुसती अभ्यासाचे पुस्तक वाचत बसते. डोळ्यात डोळे घालून पाहणे कुत्र्याला धमकी वाटते, पाठ केली की ते हळूच जवळ येऊन हुंगते. महिन्याने त्याने तिच्या हातातून भाकरी घेतली. तेवढे झाले तरच त्याला कुणी घरी नेण्याची शक्यता. रस्त्यावर जखमी कुत्रे दिसले तर ही मुले आधी त्याच्या तोंडाला ओढणीची पट्टी सैल बांधतात, कारण दुखऱ्या कुत्र्याला आपला-परका कळत नाही. मग जाड पोते अंगाखाली सरकवून त्याला झोळीसारखे उचलतात. ज्यांनी स्वतः आधी रेबीजची लस घेतली आहे, त्यांनीच हे करावे. लहान मुलांना यात घेऊ नये.

आणि कुणी घेऊ नये, तेही सांगतो. ज्यांच्या घरमालकाची लेखी नाही तर निदान तोंडी परवानगी नाही, त्यांनी घेऊ नये. ऊसतोडीला किंवा बांधकामाला सहा-सहा महिने बाहेर जाणाऱ्या कुटुंबाने घेऊ नये. घरातले एक माणूस ठाम विरोधात असेल तर घेऊ नये, त्याचा राग शेवटी प्राण्यावर निघतो. मुलाच्या वाढदिवसाची भेट म्हणून तर मुळीच नको. निवाऱ्यावाले फॉर्म भरून घेतात, घर पाहायला येतात, तेव्हा त्यात अपमान मानू नये. आमच्याकडे आले तेव्हा त्यांनी पलंगाखालीही वाकून पाहिले.

काळी आता नातीच्या शाळेची वेळ ओळखते. साडेबाराला उठते, दाराशी जाऊन बसते. गुरुजी रस्त्याने जाताना तिला हाड म्हणत नाहीत, थांबतात, चष्म्यातून पाहतात आणि पुढे जातात. परवा त्यांच्या पिशवीतून बिस्किटाचा पुडा डोकावत होता. तो कुणासाठी, हे आम्ही विचारले नाही.

गेल्या रविवारी आम्ही निवाऱ्यावर गेलो होतो. काळीच्या जुन्या कप्प्याशेजारी तीन पायांचा, तपकिरी, पाच-सहा वर्षांचा एक नर आहे. मुलांना चालतो, मांजरांना नाही. शेडमध्ये शिरल्यावर डाव्या हाताचा तिसरा कप्पा.